मागच्या खोलीची लाइन

मेन स्विच मी स्वतःच्या हातानं खाली ओढला, तरी मीटरमधली चकती फिरतच राहिली.

सोमवार होता, दुकानाची सुट्टी. शटर कमरेइतकं वर करून मी आणि माझे यजमान वैजनाथ वाकून आत शिरलो होतो. दोन्ही फ्रीज, आइस्क्रीमचा डीप फ्रीजर, एसी, पंखे, गल्ल्यावरचा कॉम्प्युटर, सगळं बंद केलं. फ्रीजची घरघर थांबल्यावर दुकान इतकं गप्प होतं हे मला ठाऊक नव्हतं. मी टॉर्च धरून मीटरसमोर उभी राहिले. काळी खूण असलेली ती चकती सावकाश, पण न थांबता, डावीकडून उजवीकडे चालली होती.

"मीटर बिघडला असेल," वैजनाथ म्हणाले.

"बिघडलेला मीटर असा फिरत नाही. हे बघा, आता वेग वाढला. कुणीतरी आत्ता काहीतरी चालू केलं."

"कुणी करणार? आपण दोघंच तर आहोत."

"तेच विचारतेय मी."

ते रुमाल काढून मान पुसत राहिले. त्यांना तेव्हा माहीत होतं का, हे मी आजपर्यंत विचारलेलं नाही.

ही सतरा वर्षांपूर्वीची गोष्ट. लातूर-नांदेड रस्त्यावरच्या आमच्या तालुक्याच्या गावात हलकुडेंचं किराणा दुकान तीन पिढ्यांचं. माझ्या लग्नानंतर दुसऱ्या वर्षी वैजनाथनी ते आतून पाडून 'हलकुडे सुपर शॉपी' केलं. काचेचं दार, आत गारवा, गिऱ्हाइकानं टोपली घेऊन स्वतः फिरायचं. गावाला अप्रूप वाटलं. पण पहिल्या उन्हाळ्याचं लाइटबिल आलं, तेव्हा माझे सासरे मन्मथप्पा, आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो, ते बिल हातात धरून बराच वेळ ओट्यावर उभे होते.

"चार बल्बांवर दुकान चालवलं मी," ते म्हणाले. "ही तर कंपनी झाली."

मी सोलापूरची. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली, लग्नाआधी दोन वर्षं शाळेत शिकवलेलं. इथं आल्यावर हलकुडेंच्या सुनेनं नोकरी करायची नाही असं ठरलं, म्हणजे मला न विचारता ठरलं. तीन वर्षं मी भाकऱ्या थापल्या आणि दुपारी जुन्या वह्या चाळल्या. त्या दिवशी माझ्या तोंडून निघून गेलं, "अप्पा, मला दोन महिने द्या. बिल कमी करून दाखवते."

सासूबाईंना हसू आलं. अप्पा हसले नाहीत. "बघ," एवढंच म्हणाले.

मी बघितलं. फ्रीज पश्चिमेच्या भिंतीला चिकटवून ठेवले होते. दुपारी ती भिंत तव्यासारखी तापायची. ते समोरच्या बाजूला, भिंतीपासून हातभर पुढं ओढून घेतले. मागच्या जाळीवरची धूळ खरवडून काढली. दाराच्या फटीत कागदाची पट्टी धरून ओढली, ती अलगद बाहेर आली. रबरं गेलेली होती, ती बदलली. पोरंसोरं दार उघडं धरून कुठली बाटली घ्यायची याचा विचार करत उभी राहायची, म्हणून आत काय काय आहे त्याची यादी दारावर बाहेरून चिकटवली. ट्यूबलाइट काढून सीएफएल लावले. एसी विसावरून सव्वीसवर आणला आणि दारात प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा पडदा सोडला.

बिल एक तृतीयांशानं उतरलं. गावातले दोन दुकानदार बघायला आले. अप्पा त्यांना म्हणाले, "मला काय विचारता, आमच्या नीलांबिकेला विचारा." माझं पूर्ण नाव त्या घरात तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी उच्चारलं. मला वाटतं, मी त्या एका वाक्याला भुलले. कारण बिल उतरल्यावर थांबायला हरकत नव्हती. मी थांबले नाही. प्रत्येक वस्तू किती वॉटची, किती तास चालते, सगळं वहीत मांडलं, आणि बेरीज बिलाशी जुळेना. दर महिन्याला नव्वदएक युनिट कुठंतरी जात होते.

म्हणून तो सोमवार.

तेलाचे डबे सरकवल्यावर वायर दिसली. मीटर आणि मेन स्विच यांच्या मधूनच निघालेली, भिंतीच्या रंगात रंगवून टाकलेली, कोपऱ्यातल्या भोकातून मागच्या बोळात गेलेली. घाईत केलेलं काम नव्हतं. कुणीतरी नीट, खिळे मारून, आयुष्यभर टिकेल अशी बसवली होती.

बोळात एकच खोली होती. चतुराबाई जोगदंडची. साड्यांना पिको-फॉल करायची आणि अर्ध्या गल्लीचे कपडे इस्त्री करायची. चाळिशीची, वाळलेली, मोजकं बोलणारी बाई. आमच्या घरच्या साड्या तिच्याकडे जात नसत आणि तीही आमच्या दुकानात कधी पाऊल टाकत नसे. मीठसुद्धा चौकातून आणायची. मला ते कधी खटकलं नव्हतं.

दार उघडंच होतं. ती पांढऱ्या शर्टाच्या कॉलरवर इस्त्री फिरवत होती.

"चतुराबाई, तुमचा मीटर कुठं आहे?"

"मला मीटर न्हाई."

"मग ही लाइट?"

तिनं इस्त्री उभी करून ठेवली. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "नव्या हाव तुमी," ती म्हणाली. "अप्पाला इचारा."

दुपारी जेवताना मी विचारलं. "अप्पा, मागच्या खोलीला आपल्या मीटरवरून लाइट जाते."

भाकरी वाढता वाढता सासूबाईंचा हात थबकला. अप्पा चावत राहिले.

"जात असेल."

"किती वर्षं झाली?"

"झाली बरीच. गरीब बाई आहे, एकटी आहे. धर्म म्हणून दिली."

"एक बल्ब असता तर मी बोलले नसते, अप्पा. ती इस्त्रीचा धंदा चालवते त्याच्यावर. दिवसाचे तीन-तीन तास."

अप्पांनी ताटातच हात धुतला. बराच वेळ बोटं पुसली. मग म्हणाले, "हे बघ नीला, लाइटचं सगळं आता तुझ्याकडं आहे. तुला जे बरोबर वाटेल ते कर. मी मधे पडणार नाही."

वैजनाथनी मान वर केली आणि परत खाली घातली. मला मात्र अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं झालं. या घरात 'तुला वाटेल ते कर' हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होते.

भांडी आवरताना सासूबाई हळूच म्हणाल्या, "त्या बाईच्या वाटेला जाऊ नको."

"का, आत्या?"

"जाऊ नको म्हटलं ना."

त्यांचं तोंड असं काही झालं होतं की मी माझ्या मनानंच उत्तर काढलं. मागच्या बोळातली एकटी बाई, इतक्या वर्षांची फुकट लाइट, आणि नाव निघताच सासूबाईंचा थबकलेला हात. गावात अशा गोष्टी असतात. मला सासूबाईंची दया आली. आपण जे करतोय ते त्यांच्यासाठीही करतोय असं वाटून गेलं.

मंगळवारी मी इलाहीभाई वायरमनला बोलावलं. अप्पांच्या वेळेपासून दुकानाचं सगळं काम तेच बघायचे. त्यांनी डबे सरकवले, वायर पाहिली आणि पाना परत पिशवीत टाकला.

"वहिनी, ही मीच जोडलेली आहे."

"मग तोडायलाही तुम्हीच बरे."

"मेनच्या अलीकडून का घेतली, ठाऊक आहे? फ्रीज यायच्या आधी अप्पा दुकान बंद करताना मेन पाडायचे. तिच्या घरात अंधार पडायला नको." त्यांनी पिशवीची चेन ओढली. "मी नाही तोडणार. दुसरा कुणी बघा."

चहा पुढं केला तर तोही घेतला नाही.

दुसरा कुणी बघायची मला गरज वाटली नाही. बुधवारी सकाळी दुकान उघडण्याआधी मी मीटरजवळचा फ्यूजचा कटआउट काढून ठेवला, पाटावर उभी राहिले, पायात रबरी चपला होत्या, आणि पक्कडीनं वायर तोडली. दोन्ही टोकांना टेप गुंडाळला. कटआउट परत बसवला, मेन पाडला आणि मीटरकडे पाहिलं. चकती थांबली होती. अगदी स्थिर. मला टाळी वाजवावीशी वाटली.

चतुराबाई अकराच्या सुमाराला आली.

दुकानात चार-पाच गिऱ्हाइकं होती. हायस्कूलचे एक मास्तर बायकोबरोबर टोपली घेऊन फिरत होते. अप्पा गल्ल्याशेजारच्या खुर्चीत पेपर वाचत होते. तिला काचेचं दार ढकलायचं की ओढायचं कळेना. मास्तरांनीच पुढं होऊन उघडलं. ती आत आली, पण उंबऱ्यापाशीच थांबली. पडद्याच्या पट्ट्या तिच्या खांद्यांवर आणि दार तिच्या पाठीवर.

"लाइट कुणी तोडली?"

"मी," म्हणत मी पुढं झाले. "चतुराबाई, इथं नको. मागं चला, बोलू."

"कामून तोडली?"

"कामून म्हणजे? दुसऱ्याच्या मीटरवर धंदा करायचा, त्याला काय म्हणतात? चोरी म्हणतात."

मला वाटलं होतं ती ओरडेल. तिचा आवाज उलट खाली आला.

"चोरी," ती म्हणाली. मग अप्पांकडे वळून, "अप्पा, तुमची सून चोरी म्हणायलीय."

अप्पांनी पेपरचं पान उलटलं.

"ऐका बाई," ती माझ्याकडे बघून म्हणाली. "माझा मालक, लिंबाजी, ह्याच दुकानात पोती उचलायचा. सोळा साल झाले. दिवाळीला दुकानावर रोषणाई करायची व्हती. बिल येऊ ने म्हणून खांबावर आकडा टाक म्हणले अप्पा. ह्यो म्हणला, पाऊस पडून गेलाय, खांब वला हाय. अप्पा म्हणले, इतकं भेत असशील तर उद्यापून कामावर येऊ नगो. चढला. वरच चिकटला. खाली काढला तवा हाताची बोटं उघडंनात."

मास्तरांच्या बायकोनं टोपली खाली ठेवली.

"पंचनाम्यात काय लिवलं, ठावं हाय? सोताच्या घरात चोरून लाइट न्यायला चढला आन् मेला. अप्पानं लिहून दिलं, इलाहीनं सही केली. आमच्या घरात तवा चिमणी व्हती, बाई. वायर न्हवती, बल्ब न्हवता. कुठं नेणार व्हता तो लाइट?"

फ्रीजची घरघर तेवढी चालू होती.

"मंग तेरावा झाल्यावर अप्पा आले. म्हणले, चतुरा, बोभाटा करू नगो, जलमभर लाइट देतो. चार म्हैन्याची पोर पोटात व्हती माझ्या. घेतली म्या. नवरा दिला आन् लाइट घेतली. ती चोरी न्हवती, बाई. ती माझी चूक व्हती."

मी अप्पांकडे पाहिलं. आता ते काहीतरी म्हणतील. खोटं आहे म्हणतील, बाई खुळी झालीय म्हणतील, उठून तिला बाहेर काढतील. त्यांनी पेपरवरून डोळे वर केले ते माझ्याकडे.

"नीला," ते म्हणाले, "दार लावून घे. गार हवा बाहेर जायलीय."

चतुराबाई दोन पावलं मागं सरली. दार आपलं आपण मिटलं. काचेतून ती थोडा वेळ दिसत राहिली, मग दिसेनाशी झाली. मास्तर आणि त्यांची बायको काही न घेताच गेले.

दुपारी दुकान रिकामं झाल्यावर मी अप्पांच्या समोर जाऊन उभी राहिले. "खरं आहे का हे?"

"काय करायचंय तुला?"

"मी आत्ता परत जोडते ती वायर."

"आता नाही जोडायची."

"का नाही?"

"कालपर्यंत जोडलेली होती, तेव्हा तो धर्म होता." अप्पा अगदी शांतपणे, शिकवल्यासारखं बोलत होते. "आज चार माणसांदेखत ती बोलून गेली. आता जोडली, तर ती बोलली ते खरं ठरतं."

त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला.

"तू तोडलीस ते बरं झालं," ते म्हणाले. "सोळा वर्षं रोज दुकान बंद करताना ती वायर दिसायची. माझ्यानं होत नव्हतं."

'मी मधे पडणार नाही' या अप्पांच्या वाक्याचा अर्थ मला तेव्हा कळला. पक्कड माझ्या हातात होती, पण ती कुणी दिली होती, हे त्या सोमवारी ताटावर बसून मला दिसायला हवं होतं.

तशीच उठून मी बोळात गेले. चतुराबाईनं माळ्यावरची कोळशाची जुनी इस्त्री काढली होती आणि दारात उकिडवी बसून निखाऱ्यांवर फुंकर घालत होती. राखेनं तिचे केस पांढरे झाले होते. मी सांगितलं, तुमच्या नावानं मीटर घेऊन देते, सगळा खर्च माझा.

"लाइट नगो मला," ती म्हणाली. "त्या कागदावरचं खोडून आणा."

"कसं खोडणार? मी तर तेव्हा..."

"माझी पोर पंधराची झाली. पोरं तिला अजून आकडेवाल्याची म्हणतेत. बापाचं तोंड न्हाई बघितलं तिनं, पर चोराची म्हणून तिला समदं गाव वळखतंय." ती पहिल्यांदा माझ्याकडे नीट वळली. "तुमी शिकल्याल्या हाव. आज अप्पाच्या तोंडावर म्या बोलले, तुमी हुब्या व्हता. खोटं हाय म्हणले का अप्पा?"

"नाही म्हणाले."

"मंग एवढंच कचेरीत येऊन सांगा. माझ्यासंगट चला. इलाहीला म्या आणते. त्यो येतो म्हणलाय."

मी उभी राहिले. निखारा तडतडला.

"घरी विचारून सांगते," मी म्हणाले.

चतुराबाई हसली. वाईट हसली नाही. थकलेलं माणूस हसतं तसं. "इचारा," ती म्हणाली आणि परत फुंकू लागली.

मी वैजनाथना विचारलं. ते म्हणाले, अप्पांचं वय बघ. ते म्हणाले, मेलेला माणूस काही परत येणार नाही. ते म्हणाले, उद्या आपल्याला मूल होईल, त्याला काय सांगणार आहेस, तुझ्या आजोबांना मी कचेरीत उभं केलं म्हणून? चार दिवस सासूबाईंनी माझ्याशी बोलणंच टाकलं आणि पाचव्या दिवशी, काही न घडल्यासारखं, माझ्या हातात मेथीची जुडी देऊन निवडायला बसवलं.

चतुराबाई आठवडाभर वाट बघत असावी. दोनदा ती बोळाच्या तोंडाशी उभी असलेली मला काचेतून दिसली. मी आतल्या बाजूला, मसाल्याच्या कपाटांकडे गेले.

पुढच्या महिन्याचं बिल दुकान नवं केल्यापासूनचं सगळ्यात कमी होतं. अप्पांनी ते माझ्या हातात दिलं आणि गल्ल्याची खुर्ची रिकामी केली. "आजपासून तू बस," म्हणाले. "माझी नजर आता चालत नाही." हलकुडेंच्या तीन पिढ्यांत गल्ल्यावर बाई बसलेली नव्हती. नाही म्हणायचं मनात आलं होतं. मी बसले.

दिवाळीच्या आत चतुराबाईच्या खोलीला कुलूप लागलं. पोरीला घेऊन ती लातूरला गेली म्हणे, कुणी म्हणालं पुण्याला. दोन वर्षांनी घरमालकानं खोली विकायला काढली, ती आम्हीच घेतली. आता तिथं साखरेची पोती असतात.

अप्पा गेल्या वर्षी गेले, चौऱ्याऐंशी वर्षांचे होऊन. मठात शोकसभा ठेवली. वैजनाथ म्हणाले, "बोलायला नगराध्यक्ष येणार आहेत. त्यांना काही माहिती नाही, लिहून द्यावं लागेल. तुझं मराठी चांगलं आहे."

मी वही घेऊन बसले. जन्म, शिक्षण, दुकान, मठाला दिलेली घंटा. अर्ध्या पानातच संपलं. आयुष्यभर गल्ल्यावर बसलेल्या माणसाबद्दल लोकांनी ऐकावं असं काही सापडेना. शेवटी एक गोष्ट सापडली, ती मी लिहिली.

नगराध्यक्षांचा आवाज चांगला होता. त्यांनी ते सावकाश, अर्थ लागेल असं वाचलं: "आपल्या मागच्या बोळातल्या एका निराधार भगिनीच्या घरी मन्मथप्पांनी सोळा वर्षं स्वखर्चानं उजेड दिला, आणि त्याचा कधी गवगवा केला नाही."

लोकांनी माना डोलावल्या. माझ्यामागं कुणीतरी चुकचुकत म्हणालं, "अशी माणसं आता होत नाहीत."

शेवटच्या रांगेत इलाहीभाई बसले होते. ते काठी टेकत उठले, दाराशी चपला शोधल्या, आणि सभा चालू असतानाच निघून गेले. त्यांना माझ्या हातचं अक्षर ओळखायची गरज नव्हती. ती गोष्ट आता त्या मठात आमचं घर आणि ते सोडून नीट कुणाला माहीत नव्हती.

मी पहिल्या रांगेत होते. वैजनाथनी माझ्या कानाशी वाकून म्हटलं, "छान लिहिलंस."